दुर्गावहिनीची दुखणी

आमची दुर्गावहिनी उभ्या आयुष्यात कधी दवाखान्याची पायरी चढली नव्हती. बाळंतपणसुद्धा घरात झालं. पण वाशीच्या दोन खोल्यांत तिला काय काय म्हणून झालं नाही! कावीळ झाली, दमा झाला, मूतखडा झाला. एकदा तर उजव्या अंगावरून वारं गेलं, आणि लगेच उठून तिने त्याच हाताने भाकऱ्या थापल्या. ही सगळी दुखणी खोटी होती आणि ती तिने डॉक्टरकी शिकणाऱ्या पोरांसाठी काढली होती.

मी भगवान गमरे, तिचा धाकटा दीर. तुर्भ्याच्या एका कारखान्यात पाळीवर जाणारा, लग्नाचा पत्ता नसलेला आणि घरात सगळ्यांत जास्त आवाज करणारा. त्यामुळे हे मीच सांगणार. एक आधीच सांगून ठेवतो. अशा बायकांबद्दल लिहिताना लोक ‘साधीभोळी माउली’ वगैरे लिहितात, ते वाचलं की माझं डोकं फिरतं. वहिनी साधी नव्हती आणि भोळी तर मुळीच नव्हती. लोकांनी आपल्याकडे बघावं असं तिला वाटायचं आणि लोक बघायचे.

तिचं माहेर मंडणगडाकडचं. लहानपणापासून नकला करायची. तलाठी खाकरून कसा बोलतो, वाडीतला म्हातारा तंबाखू मागताना कसा गोड होतो, सगळं तिच्या अंगात होतं. लग्न होऊन नायगावच्या चाळीत आली आणि महिनाभरात तिने सासूची, म्हणजे आमच्या आयेची, नक्कल केली. नळावर भांडताना आये कमरेवर हात कसा ठेवते, ते शेजारणींना दाखवत होती. आयेने दाराआडून सगळं पाहिलं. मला वाटलं, आता हिचं काही खरं नाही. आये पुढे आली आणि म्हणाली, “हात जरा खाली घे गो. मी हितं धरतंय.” त्या दिवसापासून सासू-सुनेचं जे जमलं ते शेवटपर्यंत.

तिचा नवरा, म्हणजे माझा शिवरामदादा, अगदी उलट. सरकारी कचेरीत कारकून. रात्रशाळेत शिकलेला. त्याने एकेक शब्द घासूनपुसून घेतला होता. घरात तांब्या पडला तरी ‘तांब्या पडला’ म्हणायचा नाही, ‘भांडे खाली पडले’ म्हणायचा. ज्यांच्या बापजाद्यांना शाळेच्या ओट्यावर चढू दिलं नव्हतं, त्यांनी शुद्ध बोलण्याचा गर्व केला तर त्यांना मी हसणार नाही. दादाला मात्र हसायचो, कारण तो माझा भाऊ होता.

सिडकोच्या सोडतीत दादाला वाशीत घर लागलं तेव्हा चाळीतल्या लोकांनी आमची कीव केली होती. पूल ओलांडून तिकडे कोण जातं? चिखल, खाडीचा वारा आणि हत्तीएवढे डास. पण घराला स्वतःचं न्हाणीघर होतं आणि भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो ऐसपैस मावत होता. दादा त्यावर खूश होता. वहिनीला नवीन माणसं मिळाली म्हणून ती खूश होती. सानपाडा गावातून मासे घेऊन सखू यायची, जुईनगरकडच्या मिठागरावरचे लोक बाजारात भेटायचे, खालच्या मजल्यावर देशावरचे, वर कोकणातले. सहा महिन्यांत वहिनी सगळ्यांचं बोलायला लागली.

आता वैजयंती. दादाची एकुलती एक मुलगी. हुशार म्हणजे फार हुशार. पण शाळेत असताना एकदा तिने बाईंना विचारलं, “बाई, पानी पिऊ?” बाईंनी तिला सगळ्या वर्गासमोर उभं केलं आणि फळाभर ‘पाणी’ लिहायला लावलं. पोरगी घरी आली ती तोंड मिटूनच. नंतर उघडलं तेव्हा त्यातून पुस्तक बाहेर पडायला लागलं. “आई, मला भोजन नको, क्षुधा नाही,” असं बारा वर्षांची मुलगी म्हणायची. दादाची छाती फुगायची. वहिनी माझ्याकडे बघायची आणि मी ताटात बघायचो.

ती एमबीबीएसला लागली तेव्हा आमच्या वाडीतून, आमच्या भावकीतून, पहिला डॉक्टर होणार म्हणून गावाहून माणसं आली होती. शेवटच्या वर्षापर्यंत ती एकदाही नापास झाली नाही. आणि मग मेडिसिनच्या तोंडी-प्रात्यक्षिकात आपटली.

ही परीक्षा कशी असते ते मला तेव्हा कळलं. विद्यार्थ्याला एक खरा रोगी देतात. त्याच्याशी बोलायचं, त्याला तपासायचं आणि मग परीक्षकांना सांगायचं की याला काय झालंय आणि कशावरून. वैजयंतीच्या वाट्याला साताऱ्याकडचा एक म्हातारा आला. कामधंद्याची चौकशी करायची असते, म्हणून तिने विचारलं, “आपला उदरनिर्वाह कसा चालतो?” म्हाताऱ्याला उदर कळलं आणि चालतो कळलं. तो म्हणाला, “चालतंय की. लय चालतंय. त्याच्यापायीच तर आलोय.” हिने लिहिलं, उत्पन्न पुरेसे, कामानिमित्त मुंबईत. पुढे विचारलं, “अतिसार होतो का?” म्हातारा म्हणाला, “न्हाई बा, तसलं काय न्हाई.” हिने लिहिलं, अतिसार नाही. परीक्षक आले, त्यांनी म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, “काय बाबा, जुलाब थांबले का?” तो म्हणाला, “कुठलं थांबत्यात!” पुढच्या एकाही प्रश्नाला वैजयंतीला उत्तर देता आलं नाही.

हे तिने घरी सांगितलं तेव्हा दादा खाली मान घालून बसला. वहिनीला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबला तरी खांदे हलत होते. वैजयंती उठून उभी राहिली.

“मी सहा महिन्यांनी पुन्हा बसेन. या वेळी अनुत्तीर्ण झाले तर मी वैद्यकीय शिक्षण सोडणार. टायपिंगच्या वर्गाला नाव घालीन. मला रुग्णांशी बोलता येत नाही, हे सत्य आहे.”

वहिनीचं हसू तिथल्या तिथे विरलं. पोरगी जे बोलते ते करते, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. त्या दिवशी आमच्या घरात कुणी नीट जेवलं नाही.

पुढच्या रविवारी मी पाळीवरून आलो तर वहिनी खाटेवर आडवी. डोक्याला फडकं बांधलेलं, डोळे अर्धे मिटलेले. मी घाबरलो. “वहिनी, काय झालं?”

“तू गप ऱ्हा. मी सखू हाय, सानपाड्याची.” मग स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडली, “ओ डाक्टरीनबाय! येताय का मरू मी?”

वैजयंती कपाळाला आठ्या घालून आली. तिने आईला झटकून टाकायला पाहिलं, पण आई कण्हत राहिली. शेवटी बसली. “आपणांस कोणता त्रास होतो?”

“तरास? तरास एक हाय का! सकाली उठली तं मांजरीनं बोंबील नेला. सुनेला बोलली तं ती बोलते, आत्या, तुमीच झाकन टाकलं नाय—”

“आई, नीट सांग!”

वहिनी उठून बसली. सखू एका क्षणात निघून गेली. “नीट सांगनारा रोगी तुला आनून कोन देनार हाय? मानूस घाबरला की बोंबलाचंच बोलतो. त्याला बोलू दे. मधी मधी छापील सवाल टाकू नको. तो थांबला की एवढंच बोल. ‘आनि?’”

“आणि,” वैजयंती म्हणाली.

“आनि,” वहिनी म्हणाली. “तो ण काढ गो तोंडातनं. तो ऐकला की मानूस सरळ बसतो, जसा काय साहेब आला. सरळ बसलेला मानूस खरं सांगत नाय.”

ऐकायला गंमत वाटते, पण त्या पोरीच्या तोंडून तो ‘आनि’ काढणं म्हणजे दगडातून पाणी काढण्यासारखं होतं. तिचे ओठ हलायचे, डोळ्यांत पाणी यायचं. फळ्यापुढची ती लहान पोर अजून तिच्यात उभी होती. आणि त्यात दादा मधे पडला. मी त्याला इतका चिडलेला कधी पाहिला नव्हता.

“वीस वर्षे मी या घरातली भाषा धुतली,” तो म्हणाला. “आणि तू तिला परत चिखलात नेतेस? उद्या लोक म्हणतील, बघा, शिकली तरी शेवटी—”

वहिनी शांतपणे म्हणाली, “लोक काय बोलतील ते मला म्हायती हाय. पन रोगी काय तुमच्या हापिसात अर्ज घेऊन येतोय? तो आजारी पडतो तो त्याच्या घरच्या भाषेत पडतो. आनि ही भाषा चिखल असंल तर मी पन त्यातलीच.”

दादा चप्पल घालून बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही. मी वहिनीच्या बाजूचा होतो, पण दादाचंही मला वाईट वाटलं. त्याने जे कमावलं होतं तेच पोरीच्या आड येत होतं, आणि हे त्याला कळत होतं म्हणून तो चिडला होता.

त्यानंतर दर रविवार दुखण्याचा. वहिनी कधी मिठागरावरचा मजूर व्हायची, ज्याला काहीच दुखत नसतं, बायकोनेच ओढून आणलेलं असतं. कधी सिडकोतला कारकून, जो सगळं सांगतो पण जिथे दुखतं ते सोडून. कधी नवी नवरी, जी सासूसमोर एक शब्द बोलत नाही, मग डॉक्टरने सासूला पाणी आणायला पाठवायचं असतं. औषधांतलं वहिनीला ओ की ठो कळत नव्हतं. कोणत्या दुखण्यात काय होतं ते वैजयंती तिला पुस्तकातून सांगायची, आणि वहिनी ते घेऊन त्यात माणूस घालायची. पुस्तक एकीचं, माणूस दुसरीचा, असा तो कारभार होता.

तपासणीसाठी अंग लागायचं ते माझं. वहिनी फार गुदगुल्या होणारी, मी तिच्याहून जास्त, पण मी दीर पडलो. माझ्या छातीवर बोटं ठोकून ठोकून पोरीने माझी फुप्फुसं कुठे संपतात ते शोधलं. थंड हात लावला की मी किंचाळायचो. वहिनी म्हणायची, “हात आधी चोळून घे. आनि इचार त्याला, हात लावू का म्हनून. गाय बघायला आलीस का?” पुढे विचारल्याशिवाय वैजयंती माझ्या मनगटालाही हात लावेना.

एका रविवारी शेजारच्या इमारतीतली चारुलता आली. वैजयंतीच्याच वर्गातली, तीही त्याच परीक्षेत आपटलेली आणि घाबरलेली. नंतर पनवेलहून विलास यायला लागला. त्याचं बोलणं चांगलं होतं, पण रोग्याकडे बघायचाच नाही, भिंतीकडे बघून प्रश्न विचारायचा. वहिनी त्याच्या प्रश्नांना भिंतीच्या आवाजात उत्तरं द्यायची. भिंतीचा आवाज कसा असतो ते विचारू नका, पण तो भिंतीचाच होता. पोरं पोट धरून हसायची आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. चारुलताच्या आईंनी आमच्याकडे तोवर कधी पाऊल टाकलं नव्हतं. काय चाललंय ते बघायला म्हणून एकदा आल्या, खुर्चीच्या कडेवर बसल्या, आणि वहिनीचा मूतखडा बघता बघता हसून हसून आमच्याच पेल्यातलं पाणी मागून प्यायल्या.

दादा रविवारी बाहेर जायचा. पुढे पुढे तो बाहेर न जाता गॅलरीत पेपर घेऊन बसायला लागला. पेपरचं पान मात्र तासन् तास उलटत नसे.

वैजयंती बदलत होती. तिचा हात आता सहज पुढे जायचा. गप्प कधी राहायचं तेही तिला कळायला लागलं होतं. पण ‘आनि’ अजूनही घरातच, आणि तोही मान खाली घालून. चारुलता-विलास असले की पुन्हा ‘आणि’. परीक्षेच्या सकाळी वहिनीने तिला दही-साखर दिली, आणि मी तिच्याबरोबर बसने निघालो. पूल ओलांडताना मी एक विनोद केला. तो तिला ऐकूच गेला नाही.

कॉलेजच्या बाहेर मी चहाच्या टपरीवर थांबलो. आत काय झालं ते तिने नंतर सांगितलं, आणि इतक्या वेळा सांगितलं की मी तिथेच होतो असं मला वाटतं.

तिच्या वाट्याला आली उरणकडची एक बाई. पन्नाशीची, गिरजाबाई नावाची. भिंतीकडे तोंड करून पडलेली. सकाळपासून पोरं येऊन प्रश्न विचारून, अंग चाचपून जात होती, तिचं डोकं तापलं होतं. वैजयंतीने खाटेच्या उजव्या बाजूला स्टूल ओढलं आणि म्हणाली, “नमस्कार. आपणांस कोणता त्रास होतो?”

बाई वळलीच नाही. “लिव्हलंय ना कागदावर. वाच.”

वैजयंती सांगते, त्या क्षणी सगळं पुन्हा तसंच होणार असं तिला वाटलं. समोर टायपिंगचा वर्ग दिसायला लागला. आणि मग तिला दिसलं की बाईच्या ओठांना चिरा पडल्यात.

तिने विचारलं, “मावशी, पानी देऊ?”

बाई वळली. वैजयंतीने हाताने आधार देऊन तिला पाणी पाजलं. बाईने तिच्याकडे नीट बघितलं. “कुठली गो तू?”

“मंडनगडकडची. ऱ्हाते वाशीला.”

“वाशीला! म्हंजी खाडीवरचीच.” आणि बाई सुटली. दम लागतो. पाण्याचा हंडा उचलला की लागतो, उंबरा चढला की लागतो. पाय सुजतात. एवढं सगळ्यांनाच सांगून झालं होतं. मग ती थांबली. इथेच सगळे पुढचा प्रश्न विचारतात.

वैजयंती म्हणाली, “आनि?”

“आनि काय? सून! माजी सून बोलते, ही म्हातारी रातभर बसून माझ्यावर राखन ठेवते. सगल्या गावात बोलते. मी कशाला राखन ठेवू? मना आडवी झाली का गुदमरायला होतं. उठून बसली का बरं वाटतं. म्हनून मी भितीला टेकून बसूनच निजते. पन ती बोलते, राखन ठेवते!”

सुनेचं गाऱ्हाणं म्हणून आधीच्या पोरांनी ते अर्ध्यावर तोडलं होतं. आडवं झालं की गुदमरणं आणि बसलं की बरं वाटणं, याचा अर्थ वैजयंतीला पुस्तकात तोंडपाठ होता. तिने हात चोळले, विचारलं, आणि बाईच्या छातीला नळी लावली. मग तिला डाव्या कुशीवर वळवलं आणि पुन्हा ऐकलं. हृदयाची झडप आकसली की जी हलकी घरघर येते, ती तिथे होती. कुठे ऐकायचं ते माहीत नसतं तर निसटली असती.

परीक्षक आले, तेच, मागच्या वेळचे. तिने एकही शब्द न अडखळता सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, “रात्री बसून झोपते, हे तुम्हाला कसं कळलं?”

“सुनेच्या भांडणातून, सर.”

ते हसले, म्हणे अगदी मोठ्याने. मग कठीण प्रश्न विचारायला लागले, एकामागून एक, आणि ती देत राहिली. निघताना गिरजाबाईने तिचा हात धरला आणि विचारलं, “पास झालीस का गो?” वैजयंती म्हणाली, “म्हायती नाय मावशी.”

बाहेर येऊन तिने मला हे सगळं एका दमात सांगितलं. मला रडू आलं. टपरीवाला बघत होता, बघू दे. पण निकाल लागायचा होता, आणि मागचा अनुभव गाठीला होता, म्हणून घरी आम्ही दोघांनीही तोंडाला कुलूप लावलं. ते दिवस कसे काढले ते आमचं आम्हालाच माहीत. दादा तर कधी देवळात न जाणारा माणूस, पण रोज संध्याकाळी बाबासाहेबांच्या फोटोवरची धूळ पुसायला लागला.

निकालाच्या दिवशी वैजयंती एकटीच गेली. कुणाला येऊ दिलं नाही. संध्याकाळ झाली तशी आम्ही तिघे गॅलरीत उभे. वहिनीच्या तोंडात त्या दिवशी कुणाचीच नक्कल नव्हती. बसथांब्यावरून एक एक माणूस येत होता आणि आमची पोर दिसत नव्हती.

मग ती दिसली. चालत नव्हती, पळत होती. साडीचा घोळ एका हातात धरलेला. इमारतीखाली येऊन ती थांबली, मान वर केली आणि सगळ्या वाशीला ऐकू जाईल अशी ओरडली, “आये! मी पास झाले गो! आये, मी डाक्टर झाले!”

गॅलऱ्या भरल्या. चारुलताच्या आई धावत बाहेर आल्या, चारुलता त्यांच्या मागे, आणि तीही पास झाल्याचं वैजयंतीने खालूनच ओरडून सांगितलं. खालच्या मजल्यावरच्या बायका टाळ्या वाजवत होत्या. वहिनीने तोंडावर दोन्ही हात ठेवले.

मी दादाकडे बघितलं. मला वाटलं, हा आता म्हणेल, उत्तम झाले. त्याने कठडा घट्ट धरला होता. मग वीस वर्षांत मी त्याच्या तोंडून ऐकला नव्हता तो गावाकडचा आवाज त्याच्या छातीतून निघाला. सरकारी कचेरीतला शिवराम गमरे, गॅलरीतून अर्धा बाहेर वाकून, सगळ्या सोसायटीसमोर, ओरडला, “वर ये गो माझे बाय! वर ये!”

खालून वैजयंती त्याच्याकडे बघतच राहिली. दादाने डोळे पुसले आणि आणखी मोठ्याने तीच हाक मारली.